काळीतलं पुस्तक

घुग्घुसच्या कोळसा खाणीत छताला टेकू द्यायला ज्या लाकडी बल्ल्या लागत, त्या मी पुरवत असे. लाकडाचं बोलणं व्हायचं ते खाणीच्या क्लबात, म्हणजे क्लबाच्या व्हरांड्यात. तिथे वेताची एक खुर्ची होती, तिच्यावर क्लबाचे सेक्रेटरी बसत. आत हॉलमध्ये लाल गादीच्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीने रिकाम्या असत, त्या दारातून दिसत. मी उभा. टोपी कधी हातात घेतली नाही, डोक्यावरच ठेवली; पण उभा. इतकी वर्षं झाली, आजही कुणी मला ‘बसा’ म्हणायला थोडा उशीर केला की माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी खाणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला. त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं, त्यात पियानो होता. सेक्रेटरींना तो क्लबासाठी हवा होता. मला तो मुळीच नको होता. पण ते बोली लावताना माझ्याकडे न बघता बोलत होते, म्हणून मी बोली चढवत गेलो आणि पियानो माझ्या पदरात पडला.

“नेऊन काय करणार?” सेक्रेटरी म्हणाले. “बल्ल्या ठेवणार त्यावर?”

सगळे हसले. मी बैलगाडी बोलावली.

चांद्याला घरी बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काऊन जी, घरात पेटी होती ना? आता हे म्हशीएवढं काय आणून राह्यले?”

“पेटीची मोठी बहीण आहे.”

“मंग तिले सासरी पाठवा. आपल्या इथी जागा नाई.”

पेटी मी वाजवायचो. लहानपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्यात, ऐकून ऐकून हात बसला होता. कागदावरचं मला काही येत नव्हतं. माझा सूर काळी दोन. पेटीवाल्यांत असंच बोलतात, पेटीची कुठली काळी पट्टी धरून गायचं ते सांगायचं.

नाताळ जवळ आला तसा क्लबाचा कारकून आला. नाचासाठी पियानो हवा होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: पियानो उभ्याने वाजवत नाहीत. वाजवणाऱ्याला बसावं लागतं आणि तेही हॉलच्या आत. मी म्हणालो, “पियानो मिळेल. पण वाजवणार मी.”

कारकून दुसऱ्या दिवशी परत आला. साहेब विचारतात, पुस्तकातलं वाजवता येईल का? जेवताना क्लासिकल लागेल, नंतर नाचायला जॅझ.

“येईल,” मी म्हणालो, आणि त्याच आठवड्यात नागपूरची गाडी धरली. गाडीत मला बसवेना. दारात उभा राहायचो, आत यायचो, पुन्हा दारात जायचो.

नागपूरच्या सदर नावाच्या भागात वाद्यांचं एक दुकान होतं. चालवणारी गोव्याकडची प्रौढ बाई, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मी क्लासिकल आणि जॅझ दोन्ही मागितलं आणि दोघांत फरक काय तेही विचारलं.

“क्लासिकल लिहिलंय तसं वाजवायचं,” ती म्हणाली. “जॅझ आधी लिहिलंय तसं, मग तुमच्या मनासारखं.”

“मग ते दंडारीसारखंच झालं.”

“असेल. शिकणारं कोण आहे, शेट? मुलगी?”

“मी.”

तिने एक पातळ पुस्तक पुढे सरकवलं. मोठी मोठी पोकळ अंडी, रेघांवर लांब लांब ठेवलेली. पानं जवळजवळ पांढरीच. तिच्या मागच्या फळीवर जाड पुस्तकं होती. त्यातलं एक मी हाताने ओढलं. पान उघडलं तर मुंग्यांची रांग. काळंच काळं.

“हे कसलं?”

“जॅझ. ते तुमच्यासाठी नाही. खूप कठीण आहे.”

मी उभा जन्म सौदे केले आहेत. दुकानदार ‘हे तुमच्यासाठी नाही’ म्हणतो, तो माल चांगला असतो. पुढे सरकवतो तो पडून राहिलेला. शिवाय पेटीवर माझा सगळा हात काळ्या पट्ट्यांवरचा, पांढऱ्यावर मी फारसा जायचोच नाही.

“मला काळीतलंच पाहिजे,” मी म्हणालो. “पांढऱ्याला गिऱ्हाइकं दुसरी बघा.”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवून मला पाहिलं. तिला काय कळलं देव जाणे. क्लासिकलमधलंही मी सगळ्यात काळं निवडलं आणि पातळ पुस्तक वर फुकट देत असाल तर बघा, असं म्हणून तेही काखेत मारलं.

बल्लारशाला एका रेल्वे गार्डची बायको मुलांना पियानो शिकवायची. तिच्याकडे मी पुस्तकं नेली. तिने एक पान पाहिलं, मग मला.

“भाऊ, ये किसने चुना?”

“मी. माझं काम काळीचं आहे.”

“काळी?” आणि ती जी हसली! हसता हसता खुर्चीवरून उठली, पदराने डोळे पुसले. “अरे भाऊ, कागजवर काळं म्हणजे काळी पट्टी नाही! काळं म्हणजे जल्दी. जितना काला, उतना जल्दी भागो. सफेद वाला आराम से.”

मी पुस्तक मिटलं. नाताळला मोजकेच दिवस राहिले होते. तिने पातळ पुस्तक उघडून शिकवायला घेतलं. बोटं चालेनात, पण डोळे लागले. कागदावर सूर कुठे चढतो, कुठे उतरतो, ओळ कुठे संपते ते बोट ठेवून मला सांगता येऊ लागलं. तेवढंच.

मग मी पुन्हा नागपूरला गेलो, भांडायला. “मला आधी सांगायचं नाही?”

“सांगितलं की. कठीण आहे म्हणाले.”

“ते दुकानदार म्हणतातच! परत घ्या.”

“परत घेत नाही.”

आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी तिनेच तोडगा काढला. तिचा भाऊ हॉटेलांत वाजवायचा. तो नाताळला येईल, वाजवेल. मी लगेच अट घातली: वाजवायचं माझ्या पुस्तकातलं आणि पानं उलटायला शेजारी बसणार मी.

क्लबात पियानो माझा, पुस्तक माझं, वाजवणारा मी आणलेला. सेक्रेटरी दुकानवालीच्या भावाशी हात मिळवून म्हणाले, “या, बसा.” तो स्टुलावर बसला. मी त्याच्या बाजूला उभा. पुन्हा उभा!

जेवताना क्लासिकल झालं, ते मी गिळलं. मग जॅझ सुरू झालं, तेच मुंग्यांचं पान. त्याची बोटं पळत होती, जोड्या फिरत होत्या, जमिनीच्या फळ्या दणदणत होत्या. माझं बोट ओळीवर सरकत होतं आणि ओळ संपत आली. भावाने मान हलवली. मी पान हाताखाली दाबून धरलं.

“उलटा!” तो दातांतून म्हणाला.

“खुर्ची,” मी म्हणालो, त्याला नाही, भिंतीजवळच्या सेक्रेटरींना. “खुर्ची आणा, साहेब. मग पान.”

भाऊ तीच ओळ परत वाजवू लागला. मग मनानेच काहीतरी. नाचणाऱ्यांना वाटलं, हीच गंमत आहे. ते टाळ्या वाजवू लागले. सेक्रेटरींचा चेहरा पियानोच्या झाकणासारखा काळा झाला. ते स्वतः गेले, स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले आणि ती त्यांनी माझ्या मागे आदळली.

मी बसलो. टोपी नीट केली. पान उलटलं.

मागे हात लावून पाहिलं तेव्हा कळलं. हॉलभर लाल गादीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि माझ्यासाठी त्यांनी व्हरांड्यातली वेताची आणली होती.