सुपातली कोंबडी

परवा डिचोलीत उकळत्या सुपातल्या तमालपत्राचा वास आला आणि पोर्तुगालमधलं ते स्वयंपाकघर आठवलं. शाळांच्या विद्यार्थी-अदलाबदलीत मी पंधरवडाभर इनेश नावाच्या मुलीच्या घरी राहिले होते. निघताना आईने बजावलं होतं, "बाये, मांस कसलं ते कळल्याशिवाय तोंडात घालू नको. गाईचं असलं तर पानावरून ऊठ."

इनेश रोज सांगायची, "चिकनच आहे गं." मला पटेना. सूप बाजूला सारून मी नुसता पाव खायचे. शेवटी एका दुपारी तिची आई म्हणाली, "चल, बघ." परसात तिने अंडी देणारी तांबडी कोंबडी पकडली आणि माझ्यासमोर कापली. मी पोटभर जेवले.

आता माझ्याही कोंबड्या आहेत. पाहुणीच्या संशयापायी अशी कोंबडी कापणं सोपं नसतं, हे कळतं. तरी ती पातेल्यात पडेपर्यंत मी जागची हलले नाही, ते बरोबरच केलं.