राखण सुटली

पिकाची राखण करणाऱ्या गोफणमामाला शेतातल्या उंच माळ्यावरून खाली उतरवायचं तर शेताच्या मालकाला स्वतः बांधावर यावं लागे. ज्वारीची कणसं खळ्यावर गेली की मालकाने येऊन म्हणायचं, "राखण सुटली." आमच्या चिखलीकडच्या गावाची ही रीत. एका वर्षी शेताचे मालक पाटील सांगायला विसरले. मामा दोन दिवस नुसत्या धसकटांवरची पाखरं हाकलत बसला. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, चिडून म्हणाली, "काय राखून राह्यला रे दादा?" तो म्हणाला, "मले कोणी सांगतलं काय?" सगळं गाव हसलं. मीही हसलो.

मामाच्या गोफणीचा नेम असा, की कणसाला धक्का न लागता वरचा पोपट उडे. पण मामा कधी पाखरामागे पिकात धावला नाही. "पाखरू खाते मूठभर," तो म्हणे, "राखणदार धावला का तुडवते पायलीभर."

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, मामाला मुदतीचा ताप आला. उतरला. डॉक्टरांनी रक्त तपासून बरा झाल्याचं सांगितलं. मामा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राही. अन्नावरची वासना उडाली, बोललेलं ध्यानात राहीना. "ताप त गेला बे भाच्या," तो मला म्हणाला. "पण डोक्यात जो राखणदार बसेल हाय, त्याले कोणी सांगतलंच नाही. तो आतल्या आत तुडवून राह्यला."

मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी. करत होतो आणि मला शिंगं फुटली होती. पाटलांनी ओट्यावर बोलावून विचारलं, "तू सायन्स शिकून राह्यला. हा खराच बिमार हाय काय?" मामा तिथेच खांबाला टेकून बसला होता. मी म्हणालो, "जंतू मेले की आजार संपला. बाकी सगळं ढोंग."

पाटलांनी माळा दुसऱ्याला दिला. मामाने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू शिकेल हायस. तू म्हणतं त ढोंगच असन." त्यानंतर त्याने आपलं दुखणं कुणालाच सांगितलं नाही. मी दिवाळीला गावी येई, त्याचं वाळत चाललेलं अंग पाही. आपलं चुकलं हे मला कळत होतं. शब्द मागे घ्यायला जीभ रेटली नाही. दोन वर्षांनी तो तसाच गेला.

शरीरात जंतू शिरले की प्रतिकारशक्तीची काही प्रथिनं धोक्याचा निरोप घेऊन निघतात. तो निरोप मेंदूतल्या राखणदार पेशींपर्यंत पोचतो आणि त्या खवळतात. कधीकधी जंतू मेल्यावरही त्या निवत नाहीत, आपल्याच मेंदूची नासधूस करत राहतात; माणूस थकतो, खचतो. हे मी पन्नाशी उलटल्यावर वाचलं, प्राध्यापक म्हणून शिकवलंही. वर्गात मुलं माना डोलावत. मामाने सांगितलं तेव्हा मी त्याला ढोंगी ठरवलं होतं.

मरेपर्यंत तो माझ्या त्या एका शब्दावर बसून राहिला. मीच जाऊन त्याला सोडवायचं होतं. पाटील निदान विसरले होते.