मागच्या खोलीची भिंत

ज्या दिवशी सराफ्यातल्या सेठजींनी नानांना त्यांनीच लिहिलेला कागद वाचायला लावला, त्या दिवशी मी नानांसोबत होते. मी तेरा वर्षांची होते.

नाना, माझे वडील, संस्थानच्या दफ्तरात कारकून. मध्यप्रदेश झाला, दफ्तर भोपाळला गेलं, नानांची नोकरी गेली. आईला क्षय. औषधांसाठी आमचं दोन खोल्यांचं घर सेठजींकडे गहाण पडलं. गहाणखत नानांनीच हिंदीत लिहून दिलं. बिना इजाज़त मकानात काही फेरबदल करणार नाही, हे कलम सेठजींनी मागितलंही नव्हतं. दफ्तरात तसं लिहीत, म्हणून नानांनी लिहिलं. कागद अपुरा राहू नये, एवढंच.

पुढे डॉक्टर म्हणाले, मागच्या खोलीला खिडकी पाडा. यांना हवा हवी.

नाना परवानगी मागायला गेले. सेठजी गादीवर. आम्ही चपलांपाशी.

"पढ़ो भाऊसाब. आपका ही लिखा है. क्या मोती जैसे अक्षर!"

नानांनी वाचलं. 'बिना इजाज़त'पाशी आवाज खाली आणला.

"फिर से. बिटिया ने सुना नहीं."

मी ऐकलं होतं. नानांनी पुन्हा वाचलं. सेठजींचा मुनीम हसला.

"दीवार मेरे पास गिरवी है, भाऊसाब. खाँसी आपकी है, घर ले जाओ."

घरी आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

आई हसली. "तोवर मी श्वास मोजून घेते."

नानांची झोप गेली. ते मोत्यासारखं अक्षरही गेलं. आई त्याच खोलीत वारली.

तेराव्यानंतर मुनीम घर तपासायला आला. काठीने भिंती ठोकत मागच्या खोलीत शिरला. आईची खाट अजून तिथेच होती.

"दीवार सलामत है," म्हणाला.

मी कोळसे फोडायचा हातोडा आणला. भिंत कच्च्या विटांची होती.

"अगं, कागद..." नाना म्हणाले.

"कागद तुम्ही लिहिलात, नाना. मी नाही."

मुनीम ओरडत राहिला. मी थांबले नाही. डोकं बाहेर काढता येईल एवढं भोक पाडायला पाव तास लागला. पाव तास. खाटेवर ऊन पडलं. नाना तिथेच खाली बसले आणि रडले.

घर गेलं. काही वर्षांनी नाना गेले. मी शाळेत शिकवते, भाड्याच्या खोलीत राहते. मुलींच्या अक्षराचं कौतुक करत नाही. लिहिलेलं कुणाच्या हातात जाणार आहे, ते आधी विचारते. वाचून दाखव म्हणून मला कुणी दरडावलं, तर मी वाचणार नाही.

हातोडा माझ्याजवळ आहे.