स्पीकर चालू होता

त्या पेंटबॉलच्या गेमचं खूळ ऑफिसात मीच आणलं. साड्यांची डिझाइनं काढणारे आम्ही चौघं. जेवणाच्या सुट्टीत जाहिरातीचा व्हिडिओ दाखवून दाखवून मी बाकीच्या तिघांना पिडलं, गेम विकत घ्यायला लावला आणि एका रविवारी दुपारी आपापल्या घरून आम्ही एकत्र खेळायला बसलो.

गेम भिकार निघाला. बंदुकीतून रंगाची गोळी सुटायची ती भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा आवाज करत. भिंतीवर उडालेला रंग बघता बघता गायब. मैदानं दोनच, आणि माझा गडी पहिल्याच मैदानात एका पिंपाला जो चिकटला तो सुटेना. गेममधून एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना, म्हणून फोनवर ग्रुप कॉल लावून मी स्पीकर चालू ठेवला. त्यातून तिघं माझी यथेच्छ खेचत होते. माझं तोंड पार पडलं होतं.

या तिघा गुजराती मित्रांसमोर माझं जरा वजन होतं आणि ते मी जिवापाड जपत होतो. आडनावावरून मराठी हे कळतंच, पण आम्ही नाशिकचे असं मी ठोकून दिलं होतं. सुरतेत खानदेशी म्हटलं की बाप कुठल्या खात्यात, असा प्रश्न पुढे ठेवलेलाच असतो. खातं म्हणजे लूमची, यंत्रमागांची शेड. माझे वडील कडोदऱ्यातल्या तसल्याच एका खात्यात लूम चालवतात आणि घरात आम्ही अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. ऑफिसात हे कळू नये म्हणून आईचा फोन आला तरी मी जिन्यात जाऊन घ्यायचो.

तर पिंपाला चिकटलेला असतानाच मला कुणीतरी टिपलं. सगळा पडदा लालभडक झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मरी गऊ वं माय!”

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. मेलो म्हणून लेक ओरडतोय आणि समोर सगळं लालच लाल, तिला दुसरं काय वाटणार? “काय व्हयनं रे? काय व्हयनं?” ती जवळजवळ किंचाळलीच.

फोनमधून हसण्याचा गदारोळ उठला. मग एकानं विचारलं, “कोण छे, भाई? आ कई भाषा?”

‘माझी आई’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते ओठांवर आलेच नाहीत. मेल्या, बोल की, असं आता मी स्वतःला म्हणतो. तेव्हा नुसता फोनकडे बघत बसलो. आईनं माझा चेहरा वाचला. ती फोनकडे वाकली आणि स्वच्छ गुजरातीत म्हणाली, “कामवाळी छुं, भाई. माफ करजो.”

“तारी कामवाळी तो तारा करतां वधारे गभराई गई!” दुसरा म्हणाला. तुझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही.

आई आत निघून गेली. लाइट गेल्याची थाप मारून मी कॉल कापला आणि फोन हातात घेऊन तिच्यामागे गेलो. ती पोळी लाटत होती. मी काही बोलायच्या आत तिनं मान वर न करता विचारलं, “भाई, जमवानुं आपुं?”

जेवायला वाढू का, एवढंच; पण घरात ती माझ्याशी गुजरातीत कधी बोलली नव्हती. टोमणाच आहे, असं मला वाटलं. तो मी मुकाट्यानं घेतलाही. मग लक्षात आलं, तिची नजर माझ्या हातातल्या फोनवर होती.

“बंद शे माय,” मी म्हणालो.

तिचा विश्वास बसेना. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पोळ्यांच्या फडक्यात घट्ट गुंडाळून ओट्याच्या कडेला ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “तुले लागनं त नही ना रे?”