मागच्या जिन्याचं कुलूप

आमच्या सोसायटीत "का बरं?" हे दोन शब्द कानावर पडले की माणसांना एकदम घरची कामं आठवत. हा प्रश्न विचारणाऱ्या काकू उत्तर घेतल्याशिवाय कुणाला सोडत नसत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण वारज्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत त्या 'का-बरं-काकू'. टेलिफोन खात्यात जन्मभर "कुठला नंबर हवाय?" विचारून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरी बसल्यावर प्रश्न बदलला, एवढंच.

लग्न होऊन मी इथे आले त्याच आठवड्यात, शनिवारी नखं कापताना सासूबाईंनी मला टोकलं. काकू विरजण मागायला आल्या होत्या. "का बरं?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, पहिल्यापासून आहे ते." "पहिल्यापासून तर अळूही घशाला खाजतंय. आपण चिंच घालतोच ना!" नव्या सुनेने हसू नये, हे मला कळत होतं. पण मी हसले, आणि तेव्हापासून काकूंच्या पक्षात गेले.

सणावारांचं त्यांना वावडं होतं असं मुळीच नाही. उकडीचे मोदक करावेत तर त्यांनीच. एकदा मी त्यांच्याच सुरात विचारलं, "मोदकाला एवढ्या कळ्या का बरं?" "छान दिसतात," त्या म्हणाल्या, "मला एवढं कारण पुरतं."

मागच्या जिन्याच्या कुलपाला मात्र कुठलंच कारण पुरत नव्हतं. आमच्या पाच मजली इमारतीला दोन जिने. मागच्याचं लोखंडी दार कायम बंद, किल्ली कुणाकडेच नाही. पण दर दसऱ्याला त्या कुलपाला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि नारळ! चेअरमन नवा झब्बा घालून पूजा करत आणि सांगत, "या कुलपामुळे सोसायटी सुखरूप आहे."

"आणि पुढच्या जिन्यात आग लागली तर? ही पोर एवढं पोट घेऊन पाइपवरून उतरणार का?" काकूंनी भर मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा गरोदर होते आणि चौथ्या मजल्यावर राहत होते.

"काकू, पहिल्यापासून बंद आहे ते. आपण बदलणारे कोण?" चेअरमन म्हणाले.

"राहणारे!"

कारण शेवटी पाचव्या मजल्यावरच्या जोशीआजोबांकडे निघालं. ते सगळ्यांत जुने रहिवासी, आणि आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "रंग ओला होता हो," ते म्हणाले. "कुणाचा हात लागू नये म्हणून रंगाऱ्याने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून गावी गेला. तो काही परत आला नाही." तो रंग वाळला, त्याचे पोपडे सुटले, तेही गळून गेले. कुलपाचा तेवढा देव झाला. चेअरमन म्हणाले, "असेल. पण आता लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

दसऱ्याच्या सकाळी काकू नारायणपेठ नेसून, हातात तबक घेऊन आल्या. तबकात रुमालाखाली हातोडा होता. "आज शस्त्रपूजा ना? मग याचीही करा." चेअरमननी हातोड्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, डोळे मिटून हात जोडले.

"झाली पूजा?"

"झाली."

"मग शस्त्र चालवायला हरकत नाही," म्हणत काकूंनी पदर खोचला आणि घाव घातला. गंजलेलं कुलूप हारासकट खाली पडलं. तेवढ्यात पाचव्या मजल्याच्या खिडकीतून जोशीआजोबा ओरडले, "रंग वाळला का बघा हो!" मग अख्खी सोसायटी जी हसत सुटली! मी पोट धरून पायरीवरच बसले. चेअरमन तेवढे हसले नाहीत. दिवाळीत त्यांनी काकूंकडे फराळ पाठवला नाही. काकूंनी त्यांना चकल्या पाठवल्या.

दिवाळी उलटली, आणि एका दुपारी पुढच्या जिन्याखालच्या मीटरबोर्डने खरंच पेट घेतला. लिफ्ट बंद, जिन्यात काळा धूर. सगळे मागच्या जिन्याने उतरलो. जोशीआजोबांना खुर्चीत बसवून खाली आणलं. काकू माझा हात घट्ट धरून एक पायरी पुढे चालत होत्या. "सावकाश ये. पायऱ्या कुठे पळून जात नाहीत."

खाली चेअरमन उभे होते. ते काकूंच्या पायांशी वाकायला लागले. "पाया नका पडू," काकू म्हणाल्या. "बिजागरीला तेल घाला. दार करकरतंय."

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्या दुपारी माझ्या पोटात जिना उतरलेली लेक आता शाळेत जाते आणि तिला मोदकाच्या कळ्या जमतात, त्या काकूंनी शिकवलेल्या. जाण्याआधी त्यांनी मला बजावलं होतं, "माझ्या फोटोला हार घालत बसू नका. कुलपाचं काय झालं, पाहिलंत ना?" मी हो म्हटलं आणि घरी येऊन खूप रडले.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर नव्या सेक्रेटरींचा मेसेज आला. ते नुकतेच राहायला आलेत, जुन्या पूजेचं कुणाकडून तरी ऐकलं असावं. 'परंपरेप्रमाणे उद्या सकाळी मागच्या जिन्याच्या दाराची पूजा होईल. सर्वांनी उपस्थित राहावे.' खाली धडाधड जोडलेले हात उमटले. माझंही बोट त्याच खुणेवर गेलं होतं.

तेवढ्यात चेअरमनचं उत्तर आलं. दोनच शब्द.

'का बरं?'