घाबरल्यासारखं होतंय

क्लिनिकमधले किस्से औषध कंपन्यांच्या पेनांसारखे असतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण घरी येऊन खिसा रिकामा केला की चार निघतात. मॉरिसव्हिलच्या आमच्या छोट्या क्लिनिकमध्ये मी तीन वर्षं नर्स होते, तेव्हाचे हे काही.

आमच्याकडे म्हातारे डॉक्टर एकच. बाकी पेशंट दोघं बघायची. लिंडा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे वीस वर्षं नर्स राहून मग पुढचं शिकलेली. केव्हिन फिजिशियन असिस्टंट, आधी सैन्यात जखमींवर उपचार करायचा. दोघंही तपासायची, औषधं लिहून द्यायची. मला पुढे शिकायचं होतं, आणि या दोघांपैकी कोण व्हायचं ते ठरत नव्हतं. दोघांनी आपापल्या कोर्सचा फॉर्म आणून दिला होता. दोन्ही माझ्या खणात पडून होते. दोन्हींत शेवटी तोच प्रश्न: तुम्ही या कामाला योग्य का आहात? खाली अर्धं पान कोरं.

आता मी किती दचकते ते सांगायला हवं. फॅक्स सुरू झाला तरी माझ्या हातातलं खाली पडतं. एकदा लघवीचा नमुना पडला. तेव्हापासून केव्हिन माझ्या मागून यायचा असला की आधी खोकायचा. एका पेशंटने त्याला खोकल्याचं औषध सुचवलं होतं. असल्या बाईने कोऱ्या पानावर काय लिहायचं?

*

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हा प्रश्न एका काकांपुढे मांडला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते, पुण्याचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फिजिशियनचा असिस्टंट, म्हणजे कंपाउंडर," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही काका, मास्टर्स असतं.

"मास्टर्स केलेला कंपाउंडर. आणि ती दुसरी प्रॅक्टिशनर, म्हणजे अजून प्रॅक्टिसच करतेय?"

सोमवारी मी हे केव्हिनला सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्याने 'कंपाउंडर' हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि पाठ केला.

*

तो वापरला जोशीकाकूंवर. काकू साताऱ्याच्या, मुलाकडे, मंदारकडे आलेल्या. ब्लडप्रेशर दाखवायला यायच्या आणि दर वेळी मला विचारायच्या, "अगं, मोठे डॉक्टर कधी येणार?" लिंडाने तपासलं तरी विचारायच्या. केव्हिन आत आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी कंपाउंडर."

काकूंचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं? आमच्याकडचा कंपाउंडर डॉक्टरांपेक्षा बरा होता. हात हलका." आणि दंड पुढे केला.

*

त्या वसंतात म्हाताऱ्या डॉक्टरांनी केक कापला आणि वर्षअखेर निवृत्त होणार असल्याचं सांगितलं. आमच्या राज्यात लिंडाच्या कागदांवरही डॉक्टरचं नाव लागतं, केव्हिनच्याही; त्याशिवाय दोघांना पेशंट बघता येत नाहीत. केक कोणी संपवला नाही.

पंधरा दिवसांत केव्हिनला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. हाडांचे डॉक्टर, एक सर्जन, आणि एक इमर्जन्सी विभाग. कुठल्याही खात्यात जा, कोर्स तोच. मला तो म्हणाला, बघ, माझ्याकडे यायचं तर दोन वर्षं नोकरी सोडून शिकावं लागेल, पण नंतर कंटाळा आला की खातं बदलता येतं.

लिंडाला एकच बोलावणं आलं. दोन तासांवरच्या गावात, जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस तिचे. तिचा कोर्स नोकरी सांभाळून करता येतो, पण जे शिकलीस तेच करायचं, मन मानेल तिकडे उडी मारता येत नाही. मी विचारलं, एकटीला भीती नाही वाटणार?

"वाटणार ना," ती म्हणाली आणि फाइल उघडली.

मी रात्री झोपले नाही, असं नाही. पण दुसऱ्या दिवशी फॅक्सला दोनदा दचकले.

*

जूनमध्ये जोशीकाकू अवेळी आल्या. घाम आला होता. मंदार सोबत. केव्हिनने विचारलं, काय होतंय? काकू मराठीत म्हणाल्या, "घाबरल्यासारखं होतंय." मंदारने इंग्रजीत सांगितलं, ती स्केअर्ड आहे. दुखतंय का? नाही. केव्हिनने लिहिलं, चिंता. घरापासून लांब आहेत, होतं असं.

आमचा नियम होता: छातीत दुखलं तर नर्सने न विचारता ईसीजी काढायचा. काकूंना दुखत नव्हतं. माझी आजी शेवटच्या दिवशी हेच दोन शब्द म्हणाली होती.

मी केव्हिनच्या हातावर हात ठेवला. माझ्या दुसऱ्या हातातली काकूंची फाइल खाली पडली. "ही भीती नाही," मी म्हटलं. "आमच्यात हृदयाच्या त्रासालाही हेच म्हणतात. ईसीजी काढू या."

त्याने लिहिलेलं खोडलं. मग स्वतःच मशीन ओढत आणलं. कागद निम्मा बाहेर आला तेव्हा लिंडा फोनवर अँब्युलन्स मागवत होती.

*

महिन्याने काकू परत आल्या. हृदयात स्टेंट बसवलेला, पायात नवे बूट. मंदारने विचारलं, "आई, आज कोणाला दाखवायचं? लिंडा, कंपाउंडर, की मोठे डॉक्टर?"

काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

"अगं, ती नर्स आहे."

"असू दे. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरते."

लिंडाने विचारलं, काय म्हणाल्या? मंदारने सांगितलं, ही माझ्यापेक्षा जास्त स्केअर्ड असते. या वेळी त्याचं भाषांतर बरोबर होतं.

"हेच लिही," लिंडा मला म्हणाली. "फॉर्मवर."

मागून कोणीतरी खोकलं. "कुठल्या?" केव्हिनने विचारलं.

मी खण उघडला. त्याचा फॉर्म त्याला परत दिला, आणि लिंडाच्या खिशातलं पेन काढून घेतलं.