मधली

मिस्त्रींचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळे त्यांना ‘तंतोतंत’ म्हणायचे. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशी तंतोतंत करून देणारा हा एकच माणूस. एका गिऱ्हाइकाने हौसेने सीटला मखमल लावून मागितली, तेव्हा मिस्त्रींनी त्याला फर्निचरच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

त्यांचा विशेष जीव होता तो एका छोट्या, चार दारांच्या गाडीवर. तिचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. तिचे दोन प्रकार सगळ्यांना माहीत होते, सुरुवातीचा आणि सुधारलेला. मिस्त्री त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीचे मागचे दिवे गोल, धाकटीचे लांबट. थोरलीच्या पुढच्या जाळीला सात पट्ट्या, धाकटीला पाच. थोरलीचा डॅशबोर्ड दोन तुकड्यांचा, धाकटीचा रेक्झिनने मढवलेला. इतर लोक दिवे बघून ओळखत, मिस्त्री बॉनेटच्या बिजागरीवर बोट फिरवून सांगत, आणि तेही दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता.

पण त्यांचं म्हणणं असं, की या दोघींच्या मध्ये आणखी एक होती. जेमतेम आठ महिने निघालेली. दिवे थोरलीचे, जाळी धाकटीची आणि डॅशबोर्ड एका सलग पत्र्याचा, जो तिच्या आधी कुणाला नव्हता आणि नंतरही नाही. ही मधली. जुन्या गाड्यांच्या मंडळातले परीक्षक यावर हसायचे. दोन गाड्यांचे अवयव जोडून कुठल्यातरी गॅरेजवाल्याने केलेली भानगड असणार, असं त्यांचं मत. तीस वर्षं मिस्त्री वाद घालत आले होते आणि तीस वर्षं हातात पुरावा नव्हता. त्यांची बायको तीन बहिणींतली मधली. ती म्हणायची, मधलीला कुणी मोजत नाही हे सांगायला एवढा अभ्यास कशाला, मला विचारायचं होतं.

अशात एक दिवस सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, वय एकोणऐंशी, उंची एवढीशी, की गॅरेजच्या टेबलापलीकडून आधी त्यांचा अंबाडाच दिसला. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्यांची गाडी शेडमध्ये उभी होती. याच गाडीने त्यांनी वेळी-अवेळी लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं केली होती, इंजेक्शनं दिली होती. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, की चालू लायसन संपेपर्यंत काय ती गाडी चालवा, पुढचं मिळणार नाही. ते ऐंशीव्या वाढदिवसाला, एका शुक्रवारी संपत होतं. तोवर एकदा, स्वतः, एक फेरी मारायची होती. बाकी काही नको म्हणाल्या. मग किल्ली ठेवली आणि तीन महिन्यांसाठी लेकीकडे निघून गेल्या.

शेडचं दार उघडून मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि ते दारातच थबकले. गोल दिवे, पाच पट्ट्या. आत डोकावले तर धुळीखाली सलग पत्रा. सगळ्या गाडीवर एकाच वयाचा रंग आणि एकाच हाताचं वेल्डिंग. जोडकाम असणं शक्यच नव्हतं. मधलीच होती. त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत आणि बायकोने डबा पाठवला तो झाकणासह तसाच परत गेला.

आता मिस्त्रींची कामाची एक रीत होती. मालकाला काही विचारायचं नाही, गाडीला विचारायचं. मालक छातीठोकपणे सांगतो की गाडी पहिल्यापासून निळी, आणि दाराच्या खांबावर पॉलिश पेपर घासला की निळ्याखालून पांढरा आणि पांढऱ्याखालून हिरवा निघतो. माणसाची आठवण माणसाच्या सोयीने चालते, पत्र्याला सोय नसते. कारखान्याचं नसलेलं जे जे सापडेल त्याला ते ‘परकं’ म्हणत. परकं काढायचं, पेटीत टाकायचं, महिनाअखेर पेटी भंगारवाल्याला द्यायची. या रितीने ते आजवर फसले नव्हते.

मधलीत परकं बरंच निघालं. पुढची सीट तळाला नवी भोकं पाडून चार बोटं पुढे सरकवलेली, गादीखाली फळी. तिन्ही पेडलांवर लाकडी ठोकळे, नटबोल्टने पक्के बसवलेले. दिव्यांचा स्विच डॅशबोर्डच्या लांबच्या टोकाला असायला हवा, तो स्टिअरिंगजवळ आणलेला, आणि त्यासाठी त्या सोन्यासारख्या पत्र्याला भोक पाडलेलं. ते भोक बघून मिस्त्रींनी पाडणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. मग ठोकळे काढले, सीट मागे नेली, भोकं वेल्डिंगने बुजवून अशी घासली की खुद्द त्यांनाच शोधून सापडू नयेत. रंग दिला. परीक्षकांना निरोप धाडला, शुक्रवारनंतरच्या रविवारी या. एकही परकं भोक असलेला पत्रा आम्ही पुरावा मानत नाही, हे परीक्षक नेहमी सांगत. आता बघाच म्हणावं.

बुधवारी सिस्टर आल्या. गाडी बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. दार उघडून आत बसल्या आणि त्यांचे पाय अधांतरी राहिले. क्लचपर्यंत पोचायला त्या सीटच्या कडेवर आल्या, तर समोरचा रस्ता दिसेना. मग त्यांचा हात आपोआप स्टिअरिंगच्या बाजूला गेला आणि गुळगुळीत पत्र्यावरून फिरत राहिला.

“सुंदर केलीत, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “ठोकळे कुठे ठेवलेत?”

ठोकळे गेल्या महिन्यातच भंगारात गेले, हे मिस्त्रींनी सांगितलं. सिस्टरनी मान हलवली. ते सगळं त्यांच्या नवऱ्याने केलं होतं. सुतार होते, शाळांसाठी बाकं बनवायचे. चौतिसाव्या वर्षी बायको गाडी शिकायला निघाली आणि पाय पोचेनात म्हणून रडत घरी आली, तेव्हा त्यांनी एका आठवड्यात अख्खी गाडी तिच्या मापाची करून दिली होती. एवढं सांगून सिस्टर उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, जाऊ द्या, आता दोन दिवसांत काय होणार. रागावल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

मिस्त्री सायकल काढून भंगारवाल्याकडे धावले. लोखंड पुढे गेलं होतं आणि लाकूड जळून गेलं होतं. घरी येऊन ते पायरीवर बसले. बायकोने शेजारी पाणी ठेवलं, आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. सोमवारी सगळं पूर्ववत करून देता येईल, पण सोमवारी लायसन नसेल. ठोकळे काय, नटबोल्टवर बसतात नि निघतात. सीट मात्र तळाला भोकं पाडल्याशिवाय पुढे यायची नाही, आणि स्विच हलवायचा तर पुन्हा त्या पत्र्याला भोक. रविवारी काय दाखवणार?

“माझी रीत कधी चुकली नव्हती,” ते म्हणाले. “गाडीला विचारूनच सगळं केलं.”

“गाडीनं सांगितलं होतं की,” बायको म्हणाली. “ठोकळे काय आपोआप उगवतात पेडलांवर? कुणीतरी कुणाच्यातरी पायाचं माप घेतलं होतं, एवढं धडधडीत सांगत होती ती. तुम्ही कारखान्याचंच तेवढं ऐकलंत.”

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि बायकोचं म्हणणं खरं ठरायची वेळ बरेचदा आली होती, पण या वेळी मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी सकाळी ते वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन सिस्टरच्या दारात उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर त्यांना बसवलं, खाली फरशीवर मांडी घातली आणि कागदावर पाऊल ठेवायला सांगितलं. एकोणऐंशी वर्षांचं ते पाऊल शाळकरी मुलीच्या पावलाएवढं होतं. त्याच्याभोवती पेन्सिल फिरवताना मिस्त्रींनी जन्मात पहिल्यांदा मालकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठल्या चपला घालून चालवायच्या? क्लच दाबताना टाच टेकायची की उचललेली असायची? ठोकळा वरून सपाट होता की खोलगट? सिस्टर आधी संकोचल्या. मग त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. ब्रेकचा ठोकळा क्लचपेक्षा बोटभर उंच होता, कारण घाबरल्यावर माणूस पाय आखडतो असं त्यांच्या नवऱ्याचं मत होतं. हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसताच डोळे पुसू लागल्या. मिस्त्री मान खाली घालून आधीच काढलेली रेघ पुन्हा गिरवत बसले.

दुपारी गॅरेजमध्ये गादीखाली फळी आली, सीट विटांवर पुढे ठेवून जागा ठरली आणि तळाला भोकं पडली. स्विचची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी सिस्टरना आत बसून डोळे मिटायला सांगितलं. समजा संध्याकाळ झाली आहे, दिवे लावा. सिस्टरनी हात पुढे केला. बोट पत्र्यावर जिथे टेकलं तिथे मिस्त्रींनी खडूने टिंब काढलं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बुजवलेलं भोक बरोबर त्या टिंबाखाली होतं.

ड्रिल हातात घेऊन त्यांनी तो पत्रा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला. असा डॅशबोर्ड त्यांच्या पाहण्यात दुसरा नव्हता. मग त्यांनी बटण दाबलं आणि पत्र्याचा कीस खाली पडला.

रविवारचं आताच सांगून टाकलेलं बरं. परीक्षक आले, त्यांनी ते ताजं भोक पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि आमचं मत बदललेलं नाही असं लिहून दिलं. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला. वाद घातला नाही, यावर बायकोचा अजून विश्वास बसत नाही.

शुक्रवारी चार वाजता सिस्टर गाडीत बसल्या. मिस्त्री शेजारी. नवे ठोकळे त्यांनी पायाने एकदा चाचपून पाहिले आणि क्लच सुटला तो गाडीला गचका न बसता. इस्पितळावरून नेली, शाळेवरून नेली, जुन्या पुलावर समोरून ट्रक आला तर तोंडाने काहीतरी पुटपुटत त्याला हॉर्न दिला. बोगद्याशी आल्यावर समोर न बघता बोट स्विचवर गेलं आणि दिवे लागले. मिस्त्रींनी आयुष्यात शेकडो गाड्या रस्त्यावर आणल्या, पण कुठल्याच गाडीत बसून त्यांना असा आनंद झाला नव्हता. नऊ वर्षांत हात विसरले नाहीत, असं सिस्टर स्वतःशीच म्हणत होत्या.

परतीच्या वाटेवर ऊन समोर आलं. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी स्वतःच सिग्नल दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली. झाली माझी फेरी, म्हणाल्या, आता मला घरी सोडा.

दोघांनी जागा बदलल्या. मिस्त्री सहा फुटांचे. त्या सीटवर त्यांना धड बसता येईना, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन डॅशबोर्डच्या खालच्या कडेला टेकले. त्यांनी खिशातला पाना काढला. पाच मिनिटांत सीट मागे घेतो, म्हणाले. सिस्टरनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू द्या. हेही असेच बसायचे.”

मग त्यांनी सांगितलं. नवरा मिस्त्रींएवढाच उंच होता. सीट बसवताना सिस्टरनीच म्हटलं होतं, की मागेपुढे होईल अशी करा, तुम्हालाही चालवायची असते. तो म्हणाला, तुला रात्री-अपरात्री बोलावणं येतं, तेव्हा सीट सरकवत बसशील का? आणि पुढची छत्तीस वर्षं, जेव्हा जेव्हा त्याने गाडी चालवली, तेव्हा तो असाच अंग आक्रसून बसला. तक्रार म्हणून कधी केली नाही.

मिस्त्रींना आठवलं. गाडी आली तेव्हा डॅशबोर्डच्या खालच्या कडेला दोन जागी रंग उडून पत्रा चकाकत होता, दोन्ही बाजूंना सारखाच. हे कशाने झालं असेल असा प्रश्नसुद्धा त्यांना पडला नव्हता. मन लावून घासून, तीन हात देऊन त्यांनी ते झाकलं होतं.

पाना त्यांनी खिशात परत ठेवला आणि गाडी सुरू केली. सिस्टर रस्त्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. प्रत्येक वळणावर गुडघे नव्या रंगावर घासले जात होते, आणि मिस्त्रींनी ते घासू दिले.